फक्त पन्नास ओळी

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असं मी स्वतःहून कधी म्हणत नाही. दुसरं कोणी म्हणालं तर मात्र अडवत नाही!

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते आणि मी कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो. लोक फोनवर तक्रार नोंदवतात, ती मेकॅनिकच्या स्क्रीनवर दिसते, तो जाऊन काम करतो. पण ती स्क्रीन उघडायला इतका वेळ लागायचा, की आमच्या मॅडम चहा मागवायच्या, प्यायच्या, कप विसळून ठेवायच्या, तरी मधलं चाक आपलं गोल गोल फिरतंय! कारण कंपनी सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या न मिटलेल्या तक्रारी कॉम्प्युटर उपसून आणायचा.

"मॅडम, मर्यादा घालून टाकतो," मी म्हटलं. "पन्नास तक्रारी, म्हणजे पन्नास ओळी आल्या की पुरे. त्यातल्या मिटतील तशा पुढच्या आपोआप येतील."

"जमेल तुम्हाला?"

"मॅडम!" मी नुसता हसलो.

स्क्रीन चुटकीसरशी उघडायला लागली. चार दिवसांत मॅडम एकदम खूश झाल्या. "पूर्वी ढिगाने तक्रारी असायच्या, आता पन्नासच्या वर जातच नाहीत!" त्या कशा जातील, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण पुढचाच शब्द 'बढती' आला, म्हणून मिटलं. वर त्यांनी हुकूम काढला, की स्क्रीनवर दिसेल तेवढंच काम करायचं, ओळखीपाळखीची कामं बंद.

एकच बारीकशी गोष्ट राहून गेली होती. कोणत्या पन्नास, ते मी कॉम्प्युटरला सांगितलंच नव्हतं! त्याने आपल्या मनाने सगळ्यात जुन्या उचलल्या. आणि तक्रार जुनी का होते? कारण ती मिटण्यातली नसते! एका बाईंना लिफ्टच्या आरशात आपण जाड दिसतो. एका गृहस्थांना लिफ्ट वर जाताना कंटाळल्यासारखी वाटते. एक इमारत तर केव्हाच पाडलेली. मेकॅनिक रोज जाऊन त्या मोकळ्या जागेकडे बघून परत यायचे.

अशात माझी मोठी आत्या राहायला आली. आम्ही सातव्या मजल्यावर, आत्याच्या गुडघ्याला पट्टा. शनिवारी आमच्या कोपऱ्यावरून तिची बस होती. जन्मात पहिल्यांदा ती घरच्यांना सोडून मैत्रिणींबरोबर डोंगरात सहलीला निघाली होती. त्यासाठी लाल टोपी घेतली होती आणि ती घालूनच घरभर हिंडत होती.

शुक्रवारी लिफ्ट बंद पडली.

"आत्या, आपलीच कंपनी आहे!" असं म्हणून मी तक्रार नोंदवली. संध्याकाळपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही.

"अरे, तू तिथे कामच करतोस ना?" आत्याने विचारलं. "की नुसता डबा खाऊन येतोस?"

मी मुख्य मेकॅनिकला फोन लावला. त्यांना सगळे दादा म्हणतात. "तुमची बिल्डिंग स्क्रीनवर नाही," दादा म्हणाले. "स्क्रीनवर नाही तर पान्याला हात नाही. मी आरशावाल्या बाईंकडे निघालोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! शनिवारी उठल्याउठल्या मी लॅपटॉप उघडला आणि नव्या तक्रारी आधी दाखवायला सांगितल्या. मर्यादा तशीच ठेवली. बढती अजून व्हायची होती. तिकडे बायकोने इमारतीतली दारं ठोठावून "सगळ्यांनी नोंदवा, दोनदोनदा नोंदवा!" असा धडाका लावला होता, हे मला कुठे माहीत?

तासाभरात गावातले यच्चयावत मेकॅनिक आमच्या दारात! स्क्रीनवरच्या पन्नासच्या पन्नास तक्रारी आमच्याच इमारतीच्या होत्या.

दादांनी मोटर उघडून बघितली. "जळलीय. नवीन सोमवारी मिळेल."

आत्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "राहू दे रे," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जाईन." मला फार वाईट वाटलं. तिचं पुढचं वर्ष गेली तीस वर्षं चाललं होतं.

"पुढच्या वर्षी कशाला?" दादा म्हणाले. "एवढी माणसं काय बघायला आलोत? खुर्ची आणा!"

आणि आत्या जेवणाच्या खुर्चीत बसून, टोपी घालून, आळीपाळीने मेकॅनिकच्या खांद्यांवरून खाली उतरली. प्रत्येक मजल्यावर "सावकाश रे पोरांनो" म्हणत होती आणि हसत होती. बस मिळाली! माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ऑफिसच्या शिपाईकाकांचा फोन. "साहेब, मॅडम सकाळपासून ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकल्यात. आतलं तक्रारीचं लाल बटण दाबलंय. तक्रार नोंदली गेली का विचारतायत."

मी मोबाइलवर बघितलं. नोंदली गेली होती. मॅडमनी या पन्नास तक्रारींच्या आधी बटण दाबलं होतं, त्यामुळे त्या आता एक्कावन्नाव्या होत्या.

"दादा, मॅडम अडकल्यात!"

"स्क्रीनवर नाहीत," दादा म्हणाले. "त्यांचाच हुकूम आहे."

लॅपटॉप सातव्या मजल्यावर. मोबाइलवरून एवढंच करता येत होतं, एखादी तक्रार 'मिटली' म्हणून बंद करायची. शेजाऱ्यांची करावी तर भांडण. तेव्हा घरातल्या घरात म्हणून मी बायकोची बंद केली. पन्नासाव्या जागेवर मॅडम उगवल्या आणि दादा पळत सुटले. त्यांच्यामागे बाकीचेही गेले.

खुर्ची वर न्यायला उरलो मी आणि बायको. मागचे पाय तिने धरले, पुढचे मी. पाचव्या मजल्यावर धापा टाकत टेकलो आणि तिचा फोन वाजला. तिने मेसेज मोठ्याने वाचला.

"'आपल्या लिफ्टची तक्रार दूर झाली आहे. आमच्या सेवेने आपण समाधानी आहात का?'"

तिने खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "ही तक्रार कोणी मिटवली?"

वर जाऊन तिने दाराला आतून कडी लावली आहे. खुर्ची पाचव्या मजल्यावर आहे. बसायला तशी बरी आहे.