डबूला तांबं मानवलं

आमची मनू चार वर्षांची होईपर्यंत जेवली ती काऊच्या, चिऊच्या आणि शेजारच्या काकूंच्या नावावर. स्वतःच्या नावाचा घास तिनं कधी घेतला नाही. मग घरात काचेची टाकी आली, टाकीत एक गोल्डफिश आला आणि ‘एक डबूचा, एक माझा’ करत मनू चक्क पोळी संपवायला लागली. (डबू माशाचं नाव. नवऱ्याचं दीपक.)

त्यामुळे डबूची तब्येत हा आमच्या घरातला सर्वांत नाजूक विषय झाला. तो जेवला नाही तर ती जेवणार नाही, ती जेवली नाही तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. दीपक जेवायचा.

एक दिवस मला डबू सुकल्यासारखा वाटला.

“पाण्यात राहून कसा सुकेल?” दीपक म्हणाला.

पिंपळगावहून आलेल्या सासूबाईंनी मात्र मनावर घेतलं. “तुमच्या नळाच्या पाण्यात काय दम नाय. आमच्याकडं रातभर तांब्याच्या हंड्यात ठिवलेलं पितात. आजार नाय का काय नाय.”

मला ते तत्काळ पटलं. माणूस सकाळी एक पेला पितो तर एवढा गुण येतो, हा तर दिवसभर पाण्यातच. मी भांडी बाजारातून एक इवलासा तांब्याचा गडू आणला, चिंचेनं लखलखीत घासला आणि वाळूत आडवा ठेवला. बुडालेल्या जहाजातला खजिनाच जणू. शोभेची शोभा, औषधाचं औषध. बिल्डिंगमधल्या बायका बघून गेल्या तेव्हा मी जरा जास्तच हसले असेन.

काही दिवसांनी डबू तळाशी जायचं सोडून वरवरच राहायला लागला. तोंडाची सारखी उघडमीट.

“देवाचं नाव घेतोय,” सासूबाई म्हणाल्या. “मानवलं बघ त्याला.”

मला वाटलं, कमी पडतंय. (आई झाल्यापासून मला सगळंच कमी पडतंय असं वाटतं.) मी तांब्याचा पेलाही सोडला.

“आता ताम्हन ठेव,” पेपरमागून दीपक. “पूजा करू दे त्याला.”

तो चेष्टा करत होता, हे मला ताम्हन बुडाल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी डबू एका कुशीवर कलंडला. मनूनं ताट बाजूला सारलं. “डबू नाही जेवत. मी पण नाही.” दुपारपर्यंत तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही, आणि मी देवापुढे बसले. (तिथे ताम्हन नव्हतं.)

तेवढ्यात सकाळपासून ज्यांची वाट बघत होतो ते धाकटे दीर समाधान गावाकडून आले. शर्टभर निळे ठिपके.

“भाऊजी, हे काय?”

“मोरचूद. द्राक्षावर फवारा मारला न् तसाच निघालो. अंघोळीला पाणी काढलंय ना, वहिनी?”

“कशासाठी मारता?”

“बुरशी मरती ना.”

मोरचूद. कॉपर सल्फेट. तांबं. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे. कॉलेजात त्याचे निळे स्फटिक मी स्वतः काढले होते, बाईंनी वर्गाला दाखवले होते. आणि इथे मी जिवंत माशावर प्रॅक्टिकल चालवलं होतं.

मी कोपरापर्यंत हात टाकीत घातला. गडू, पेला, ताम्हन सगळं बाहेर. भाऊजींसाठी सकाळपासून भरून ठेवलेली बादली ओढली आणि डबूला तिच्यात सोडलं.

“अहो वहिनी, माझी अंघोळ...”

“भाऊजी, बादलीला हात लावू नका. लांब उभे राहा.”

ते बिचारे दारापाशी उभे राहिले. मनू बादलीशी बसली ती हलेचना. मी पाणी बदलत राहिले, सासूबाई माळ ओढत राहिल्या. दिवेलागणीला डबू हळूच सरळ झाला, बादलीत एक फेरी मारली आणि एक दाणा गिळला.

“तरी म्हणलं होतं,” सासूबाईंनी माळ ठेवली. “तांबं बाधत नाय.”

मला रडू येत होतं आणि हसूही. मी घाईनं ताट वाढलं, भाकरी कुस्करली, दुधात कालवली, घास वळून मनूपुढे धरला.

तिनं घास बघितला. मग मला बघितलं. मग ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

“आई, तू मला नको बरं करू. मी माझी जेवते.”

आणि खरंच, कुणाचंही नाव न घेता तिनं ताट चाटूनपुसून साफ केलं. पूर्ण वेळ एक डोळा माझ्या हातांवर ठेवून.