फोटोपुरती दरड

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. खंडाळ्यामागच्या वाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दरड कोसळली ती पावसाने. पण तीच दरड तिथे दुसऱ्यांदा आली, ती आम्ही आणली. डंपरने.

आम्ही म्हणजे मी आणि तुपेसाहेब. मी वडगावात रस्त्यांच्या एका कार्यालयात कारकून. सरकारी रिवाजाप्रमाणे सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. तुपेसाहेब आमचे अभियंता. अंगाने किडकिडीत, बारा महिने पायात गमबूट, आणि रस्त्याला कधी रस्ता म्हणायचे नाहीत. पेशंट म्हणायचे.

नवं डांबर पडलं की, "टाके ओले आहेत, हळू चालवा." मोरी खचली की, "कंबर गेली बिचाऱ्याची." उर्से टोलनाक्यापाशी गेलो की द्रुतगती मार्गाकडे बघून नाक मुरडायचे. हा श्रीमंताघरचा म्हणे, साधी सर्दी झाली तरी स्पेशल रूम. आमच्या गावरस्त्यांवर मात्र जीव. खड्ड्यापाशी उकिडवं बसून आत हात घालायचे आणि 'हं' म्हणायचे. त्या 'हं'च्या लांबीवरून मी अंदाजपत्रक ओळखायचो.

आपत्ती निधीबद्दलही त्यांचं मत ठरलेलं. "आपल्याकडे कॅशलेस नाही, भाऊसाहेब. आधी पेशंट बरा करा, मग बिलं लावा, मग वाट बघा." आमचं बिल पुणे, मुंबई करत दिल्लीपर्यंत जायचं, आणि पैसे त्याच वाटेने परत यायचे. पण रांगत.

खरी दरड पडली तेव्हा वाडीत एक बाई बाळंतपणाला अडलेली. दत्ता जेसीबीवाला, कर्जाने घेतलेल्या मशीनचा मालक, साहेबांच्या एका फोनवर आला आणि दुपारच्या आत रस्ता मोकळा केला. बाळ दवाखान्यात जन्मलं. पेढे साहेबांनी वाटले, त्यामुळे कार्यालयात काही दिवस भलताच गैरसमज होता.

त्या दिवशी साहेबांचा फोन भिजलेला, म्हणून दरडीचे फोटो त्यांनी माझ्या फोनवर काढले होते. पुढे मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्याचे व्हिडिओ फोनमध्ये मावेनात, म्हणून मी चिखलाचे दिसतील तेवढे फोटो पुसून टाकले.

बिल परत आलं: दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे जोडावीत. साहेबांनी माझा फोन वर-खाली करून बघितला आणि म्हणाले, "माझाच अंगठा चुकला असेल. ओला होता."

मी म्हणालो, "असेल."

इकडे बिल अडकल्याने दत्ताचे हप्ते थकले. कर्जवाल्या कंपनीची माणसं जेसीबीभोवती घिरट्या घालू लागली. तेव्हा साहेबांनी ठरवलं, पेशंट पुन्हा टेबलावर घ्यायचा. दत्ताने खालच्या पडीक रानात टाकलेला दरडीचा राडारोडा डंपरमध्ये भरून आणला. साहेब आठवून आठवून सांगत होते, तो मोठा दगड डावीकडे होता, त्याला डावीकडेच ठेव. ऊन लख्ख पडलेलं, म्हणून टँकरच्या पाइपने पाऊसही पाडला. तेवढ्यात दुधाची किटली घेऊन वाडीतली एक मावशी आली.

"आवो सायेब, तुमीच काढली नव्हं दरड? आन तुमीच टाकताय व्हय?"

"फोटोपुरती, मावशी."

"मग आदी सांगायचं की. लुगडं तरी बरं नेसून आले असते."

त्या राडारोड्यावरून मावशीला आणि किटलीला पलीकडे पोचवण्यात दत्ताची चप्पल गेली. मग साहेब दरडीसमोर उंची कळावी म्हणून छत्री उघडून उभे राहिले. मी फोटो काढला, या वेळी फार काळजीने.

साहेब तो बराच वेळ बघत राहिले. "धडधाकट पोराला आजारी दाखवलं आपण," म्हणाले. "दत्ता, काढ हे सगळं."

"म्हंजी न्हाई पाठवायचा?"

"नाही."

दत्ता अनवाणीच मशीनवर चढला.

आपल्याच चुकीने फोटो राहिले, असं साहेबांनी स्वतःच्या सहीने वर लिहून दिलं. त्यांच्यावर ठपका आला आणि बिल गठ्ठ्याच्या तळाशी गेलं. त्यानंतर ते मोटारसायकल सोडून स्टेशनवरून चालत यायला लागले. विचारलं तर म्हणायचे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मला खरं कळलं ते दत्ताकडून, चहाच्या टपरीवर.

"सायबांनी गाडी इकली, भाऊसाहेब. माझं हप्तं भरलं. मी नगं नगं म्हनत हुतो. तर म्हनले, अंगठा माझा चुकला, मशीन तुझं का जावं?"

माझा चहा तसाच राहिला.

दत्ताची मशीन वाचली. साहेब आता निवृत्त होऊन लोणावळ्यात एकटेच राहतात. पावसाळ्यात मला फोन करतात, बरोबर जेवणाच्या वेळी. समोर ताट असलं की कुणाशी तरी बोलावंसं वाटतं म्हणे. वाडीच्या रस्त्याची चौकशी करतात, बिलाची करतात. बिल चाललंय, मी सांगतो. मग ते त्या अंगठ्याबद्दल हळहळतात, आणि मी गप्प बसतो.

फोटो त्यांनी काढले होते, आणि नीट काढले होते. पुसले मी. एवढं त्यांना सांगण्याचं देणं अजून माझ्याकडे बाकी आहे.