चौदा नंबरचा कॅन

मौजे खडकजाईचं सुख जानेवारीत परदेशी मोजायला गेलं आणि मार्चात परत आलं ते दुसऱ्याच गावाचं आलं.

दर पाच वर्षांनी जातं तसंच ते गेलं होतं. घरटी सुख गोळा केलं, दुधाच्या चाळीस लिटरच्या कॅनमध्ये भरलं, झाकणाला लाख लावली आणि वर रंगानं नंबर घातला, १४. तालुक्याच्या सुखमापन कचेरीतून कॅन विमानात चढला. दोन-अडीच महिने गाव बिनसुखाचं राहिलं. लग्नसराई होती, तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कॅन परत आला, चावडीपुढं उघडला, मापानं वाटला. सगळ्यांनी घरी नेऊन घेतलं. एकट्या मालनबाई मोहित्यांनी डब्याचं झाकण उघडून आधी वास बघितला. बर्फात ठेवलेल्या मासळीचा वास आला.

"हे आमचं न्हवं," मालनबाई म्हणाल्या आणि डबा फळीवर ठेवून दिला.

मालनबाईंची पिठाची गिरणी होती. गावात काय शिजतंय, कुणाचं मोडतंय, कोण कुणाच्या बांधाला दिसलं, हे सगळं तिथं दळणाआधी दळून निघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा बायका दळण घेऊन आल्या आणि एकमेकींपासून सहा सहा हात लांब उभ्या राहिल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येकीनं पीठ घेतलं, "आभारी आहे" म्हटलं आणि सरळ घरी गेली. सगळ्यांची तोंडं फिनेलनं पुसलेल्या फरशीसारखी लख्ख दिसत होती. गाव सुखी होतं, यात काही वाद नव्हता.

मालनबाईंनी तेही चालवून घेतलं असतं. पण परसात धाकटी जाऊ छबू झाडत होती. बावीस वर्षं छबू आपला केर मालनबाईंच्या दारात लोटत होती आणि बावीस वर्षं मालनबाई त्यावरून तिची सात पिढ्यांची हजेरी घेत होत्या. दोघींचा दिवस त्यावरच उगवायचा. त्या दिवशी छबूनं केर सुपलीत भरला आणि उकिरड्याकडं निघाली.

"छबे, कुठं निघालीस केर घिऊन?"

"आक्का, केर माझा आहे. मीच टाकायला हवा."

मालनबाई जोत्यावर बसल्या.

तिसऱ्या दिवशी त्या कचेरीत गेल्या. तिथले टोणपेसाहेब सज्जन होते, फायली उघडून बघायचे. दहा मिनिटांत त्यांना चूक सापडली.

"बाई, आपला १ त्यांना 9 दिसला. आपला ४ त्यांना 8 दिसला. म्हणजे तुमचा चौदा नंबरचा कॅन तिकडं अठ्ठ्याण्णव झाला. अठ्ठ्याण्णव नंबर हिल्मविक नावाच्या गावाचा. तुमचं सुख त्यांना गेलं, त्यांचं तुम्हाला आलं."

"मग आणा परत."

"बाई, मोजणीत त्यांच्या सुखाचा पहिला नंबर आहे. तुमच्या गावाचा शेवटून दुसरा. चांगला माल आलाय, ठेवून घ्या की."

"टोणपेसाहेब, तुमच्या मंडळींना शेजारणीचा जरीचा ब्लाऊज दिला तर घालतील?"

"बसला तर घालतील."

"आन छातीत तंग झाला तर?"

टोणपेसाहेबांनी खाकरून नमुना तीन काढला. सुख वापसीचा अर्ज. त्यात एकच अट होती. ज्या माणसाकडं आपलं सुख गेलंय, त्यानं राजीखुशीनं सोडलं पाहिजे. मालनबाईंचा वाटा हिल्मविकच्या गुनवोर नावाच्या बाईकडं निघाला. साहेबांनी फोन जोडून दिला. गुनवोरबाईनं मालनबाईंचं सुख घेतलं असल्यानं तिला बोली खडकजाईचीच येत होती. ते नियमात बसत होतं.

"कोन बोलतंय?"

"मालन मोहिते. माझं सुख तुझ्याकडं आलंय. सोड."

"न्हाई सोडत."

"न्हाई सोडत म्हंजी? तुझ्या बाचं हाय व्हय गं?"

"माझ्या बाला कशाला मधी घेतीस? एकोणीस वर्सं हितं ऱ्हाती मी. शेजारणीचं नाव ठावं नव्हतं मला! परवा सरळ तिच्या घरात घुसले, पातेल्यावरचं झाकण उचललं आन म्हटलं, एवढुसंच बटाटं? दोन पोरं तुझी, आईच हाईस का कोन? काय भांडली बया! भांडली, मग रडली, मग मला कॉफी पाजली. आता रोज येती आन माझं झाकण उचलती. ते सोडू मी?"

मालनबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी विचारलं, "चाखलंस का न्हाई?"

"काय?"

"बटाटं. चमचा घालून."

"ते बी करायचं असतंय?"

"चाखल्याबिगर मीठ कमी हाय म्हनशील कसं? माझं सुख घिऊन बसलीस आन वापरायची अक्कल न्हाई! सांडत असशील निम्मं!"

"अक्कल काढू नगंस हां, सांगून ठेवते!"

पुढं सव्वा तास गेला. टोणपेसाहेब डबा खाऊन आले, पान लावून आले. मालनबाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे गाल तापले होते आणि कॅन गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना कडकडून भूक लागली होती.

"सोडते म्हणाल्या का?"

"सोडतीय कसली भवानी! फुडच्या मंगळवारी परत लावा."

साहेबांनी फायलीवर लिहिलं: वापसी प्रलंबित. अर्जदार समाधानी.

असे चार मंगळवार झाले. पाचव्या आठवड्यात सोमवारी दुपारी छबू गिरणीच्या दारात आली आणि सहा हातांवर उभी राहिली.

"आक्का, तुम्ही तालुक्याला जाऊन कुणाशी तरी भांडता, असं कानावर आलं."

"भांडते. मग?"

"बाहेरच्या बाईशी?"

"व्हय. गोरी हाय."

छबू पायाच्या बोटांकडं बघत राहिली. "माझ्यात काय कमी होतं?"

मालनबाईंनी गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबला.

"तू सोडलंस मला, छबे. मी न्हाई."

"मला फार बरं वाटतंय, आक्का. त्याला मी काय करू? सकाळी उठते ते शांतच उठते. तुमचा राग आणायला बसले तरी येत नाही. दोनदा बसले." तिनं कमरेची पिशवी उघडून छोटी वही काढली. "पण वेळ ठरवली तर जमेल असं वाटतं. गुरुवारी साडेचार ते पाच?"

"साडेचारला माझं दळण असतंय. पावणेपाचला ये."

"विषय काय धरायचा? मला तयारी करावी लागेल."

"ये तर आधी."

छबूनं वहीत लिहून घेतलं, "आभारी आहे" म्हटलं आणि गेली.

गुरुवारी ती चार चाळीसला हजर झाली. केस नीट विंचरलेले, पदर पिनेनं लावलेला. मालनबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुझ्या म्हायेरापासनं सुरू करावं म्हनते मी," त्या म्हणाल्या.

छबूच्या लख्ख तोंडावर भुवईपाशी काहीतरी हललं. ती एक पाऊल पुढं आली. मग आणखी एक.

"माझ्या म्हायेराला काय झालंय वो?"

मालनबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं.

"अजून पाच मिन्टं हायेत. दम धर."