साखऱ्याचा विमानदिवा

मी शौनक. हिंगोली जिल्ह्यातला पहिला खाजगी गुप्तहेर. दुसरा अजून झालेला नाही, यावरून धंद्याची कल्पना यावी. नजर घारीची, चाल मांजराची, चष्म्याचा नंबर साडेचार.

प्रकरण: निजामाच्या काळात रात्रीच्या विमानांना वाट दाखवायला साखऱ्याच्या माळावर दिवा होता. लोखंडी खांब, खाली सिमेंटचा गोल ओटा. तो हैदराबादच्या एका निवृत्त वैमानिकाला शोधून हवा होता.

अट (पत्नी प्रेमाची): "हा शेवटचा तपास. नाही सापडला तर दारावरची पाटी उतरवायची. त्या खोलीत माझा शिवणक्लास."

साधनं: जुना नकाशा आणि सायबर कॅफेत छापून घेतलेलं उपग्रहाचं चित्र. दोन्ही एकावर एक उजेडात धरले. तीन गोल दिसले. अट पाळली जाते का हे बघायला प्रेमाही सोबत निघाली.

पहिला गोल: विहीर. एक पाय आत गेल्यावर खात्री पटली.

दुसरा गोल: शत्रुराष्ट्राचा गुप्त तळ. (खोडावे. चहाच्या कपाचा डाग.)

तिसरा गोल: तांड्याचं खळं. वसराम राठोड हरभऱ्यावर बैल फिरवत होता. जमीन शेणानं सारवलेली, सिमेंट नाही, सबब बाद. बैल जिच्याभोवती फिरत होते त्या मधल्या मेढीला पिशवी अडकवून मी नकाशा पसरला.

"काय हुडकून राहिले, साहेब?"

"विमानांचा दिवा."

"इथं जीप येत न्हाई, अन् इमान?"

मी चौथा सिद्धांत मांडला: दिवा चोरांनी रात्रीतून सेनगावला नेला.

"अहो," प्रेमा म्हणाली, "पिशवी कशाला अडकवलीय?"

"मेढीला."

"मेढ लाकडाची असते. ही लोखंडाची आहे."

तिनं टाचेनं शेण खरवडलं. खाली सिमेंट.

"दर साली सारवतो," वसराम म्हणाला. "नुसत्या सिमेंटावर बैल घसरतेत." मग त्यानं बैल थांबवले. "साहेब, हे सरकारी हाय का? उद्या कुंपण घातलं तर तांड्यानं मळणी कुठं करावं?"

प्रेमानं माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं. मग नकाशाची घडी घातली.

अहवाल: सखोल तपासाअंती दिवा आढळला नाही.

घरी आल्यावर मी स्टूल आणलं. प्रेमा म्हणाली, "राहू द्या पाटी."

"अट म्हणजे अट," मी म्हणालो. आयुष्यात सुटलेलं एकुलतं एक प्रकरण, आणि नेमकं तेच न सुटलेलं ठरवलं होतं. पाटी उतरवून वसरामला दिली. पत्र्याची आहे, हरभरा ओढायला चांगली चालते म्हणतो.

एजन्सीतलं काहीतरी शेवटी कामाला लागलं.