सोलरचा करार आणि हितेशचा मांडव

"वकील? आणि आपल्याला? अरे, जमिनीचे करार बघत लहानाचा मोठा झालोय मी!"

भूपेश असं म्हणाला, तेव्हाच खरं तर घरच्यांनी काळजी करायला हवी होती. अंबरनाथ एमआयडीसीच्या कडेच्या गावात त्याचा बर्फाचा कारखाना, घराच्या अंगणातच. बर्फ गोठवायला वीज लागते, आणि विजेचं बिल आलं की भूपेश स्वतःच गोठायचा. अशात एक सोलर कंपनी दारात आली. पॅनल आमचे, खर्च आमचा, देखभाल आमची. तुम्ही फक्त छप्पर द्या आणि त्यावर होणारी वीज पंचवीस वर्षं ठरल्या दराने आमच्याकडून विकत घ्या! भूपेशला आणखी काय हवं होतं? वीजखरेदीचा करार आला तो चांगला जाडजूड, इंग्रजीत. त्याने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात झोकात सही ठोकली. वाचायचा वेळ सही देखणी काढण्यात गेला.

बरं, वकील शोधायला लांब जायची गरजही नव्हती. धाकट्या भावाचं, हितेशचं लग्न ठरलं होतं ते उल्हासनगरच्या जिज्ञासाशी, आणि ही मुलगी असल्याच करारांची वकील! कारखानदारांचे सोलरचे करार तपासून देणं हाच तिचा धंदा.

"सही करायच्या आधी तिला दाखवू या ना, दादा," हितेश म्हणाला होता.

"होणाऱ्या सुनेसमोर कागद घेऊन उभा राहू? लग्नाआधीच घराची अब्रू काढतोस काय?"

हितेश गप्प बसला. हितेश गप्प बसतो तेव्हा त्याने ऐकलेलं नसतं, हे भूपेशच्या अजून लक्षात आलेलं नाही.

डिसेंबरात हळद आली. आता आगऱ्याघरची हळद म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्न एक वेळ गुपचूप लागेल, हळद नाही! सगळा गाव जेवतो, धवलारीण गाणी म्हणते, बँजो वाजतो, आणि अंगणातला मांडव शेजारच्या गावातून दिसला नाही तर त्याला मांडव म्हणत नाहीत. भगवान मांडववाल्याने दोन मजली कमान उभी केली, मेढीला उंबराची डहाळी बांधली. हळदीला अजून दोन दिवस होते. भूपेश कमरेवर हात ठेवून कौतुकाने वर बघत होता, तेवढ्यात सोलर कंपनीचा विक्रांत पॅनल तपासायला आला.

"अरे शेठ, ये क्या किया?"

"भावाची हळद आहे. तू पण ये जेवायला."

"येतो हो! पण याची सावली पॅनलवर पडणार ना! करारात क्लॉज आहे सावलीचा. आता मला याचा फोटो साहेबांना पाठवावा लागेल."

भूपेश घरात धावला. कपाटातून करार काढून त्याने आयुष्यात पहिल्यांदा तो वाचायला घेतला. सावलीचं कलम सापडलं. पंचवीस वर्षांत पॅनलवर सावली पाडेल असं काहीही उभारायचं नाही. उभारलं तर बुडालेली वीज भरून द्यायची, आणि तरीही नाही हटवलं तर सगळा प्लांट विकत घ्यायचा! यापुढे वाचायची त्याची छाती झाली नाही. प्लांट विकत घ्यायचा म्हणजे कारखानाच विकावा लागणार होता.

"भगवान! मांडव उतरव!"

"काय? शेठ, आताच तर चढवला!"

"थोडासा उतरव. सावली पत्र्याला लागता कामा नये."

आता गंमत बघा. कारखान्याच्या शेडचा पत्रा अंगणाच्या बाजूला उतरत उतरत पार डोक्याएवढा खाली येतो, आणि पॅनल थेट त्या कडेपर्यंत. दुपारी भगवानने कमान काढली. सावली मागे हटली. भूपेशने सुस्कारा सोडला, चहा मागवला. चहा येईपर्यंत ऊन कललं आणि सावली पुन्हा पॅनलवर!

"अजून एक फूट!"

भगवानने फूटभर उतरवला. सूर्य आणखी कलला. "अजून एक!" सगळी दुपार हेच चाललं. सूर्य खाली, मांडव खाली, भूपेशचा जीव टांगणीला! शेवटी त्याने मोबाईलवर कंपनीचं ॲप उघडलं आणि किंचाळलाच.

"शून्य! वीज शून्यावर आली! भगवान, आणखी खाली घे!"

"शेठ," भगवान शांतपणे म्हणाला, "दिवस मावळला."

तोवर मांडव असा झाला होता की भूपेशसारखा उंच माणूस वाकल्याशिवाय आत शिरणं शक्य नव्हतं. भूपेशची आई कमळाबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या.

"ह्यो काय रं? मांडव हाय का खुराडा? कोंबड्या ठेवायच्या हायेत काय?"

"आये, कायद्याचा प्रश्न आहे."

"माझे पोराची हलद हाय! कायद्याला सांग, दोन दिवसांनी ये. ह्या मांडवात मी पाय ठेवनार नाय, सांगून ठेवते!"

एकीकडे कारखाना, दुसरीकडे आई. भूपेश रात्रभर कुशी बदलत राहिला. सकाळी करार शर्टाच्या आत खुपसून त्याने गुपचूप उल्हासनगर गाठलं. अब्रू गेली खड्ड्यात!

जिज्ञासाच्या घरी मेंदीचा कार्यक्रम चालू होता. खोली बायकांनी भरलेली, आणि मधोमध जिज्ञासा दोन्ही हात वर धरून बसलेली.

"दादा, तुम्ही? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक म्हणजे... माझा एक मित्र आहे. त्याने सोलरचा करार केलाय."

"मित्राचा बर्फाचा कारखाना आहे का?"

बायका हसल्या. भूपेशने मांडवाची आणि विक्रांतच्या फोटोची सगळी हकीकत सांगितली आणि शर्टातून करार काढला. घामाने तो अर्धा ओला झाला होता.

"मला हात लावता येणार नाही, मेंदी ओली आहे," जिज्ञासा म्हणाली. "तुम्हीच वाचा. मोठ्याने."

मग काय! आठवीतल्या मुलासारखा उभा राहून भूपेश इंग्रजी कलम वाचू लागला. सावली पाडायची नाही, वीज भरून द्यायची, प्लांट विकत घ्यायचा. इथे तो थांबला.

"पुढे?" जिज्ञासाने विचारलं.

"पुढे काय? पूर्णविराम आहे."

"त्याच्या पुढे, दादा."

भूपेशने डोळे पुसून पुढचं वाक्य वाचलं. अर्थ हळूहळू डोक्यात शिरला. घरच्या लग्नकार्यासाठी घातलेल्या तात्पुरत्या मांडवाला हे कलम लागू नाही!

"हे... हे कोणी घातलं?"

"मी. हितेशने मसुदा मला पाठवला होता, तुमच्या सहीच्या आधी. आगऱ्याच्या घरात पंचवीस वर्षं मांडव उभा राहणार नाही, हे कुठल्या वकिलाला पटेल? दुरुस्ती मी थेट कंपनीला कळवली, त्यांनी मान्यही केली. कुठलं कलम ते हितेशलाही ठाऊक नाही. मेंदी वाळली की विक्रांतच्या साहेबांना कळवते. कोपऱ्यात तुमची सही आहे बघा. छान आली आहे."

भूपेशला तिचे पाय धरावेसे वाटले, पण थोरल्या दिराने धाकट्या भावजयीचे पाय धरायची पद्धत नाही. बाहेर येऊन त्याने आधी भगवानला फोन लावला.

"मांडव चढव! होता तसा! दोन मजली!"

"कशाने चढवू, शेठ? उंच बांबू आणि कमान सकाळीच मांजर्लीला गेली. तिकडेही हळद आहे. तुम्हीच बोललात, आता काही लागणार नाही म्हणून."

भूपेशने सगळे मांडववाले पालथे घातले. लग्नाच्या दिवसांत मोकळा बांबू कुठे मिळतो? हळद त्या खुराड्यातच लागली. कमळाबाई हितेशसाठी आत आल्या खऱ्या, पण भूपेशशी एक अक्षर बोलल्या नाहीत. बँजो वाजला, गाव जेवला, आणि यजमान म्हणून भूपेश प्रत्येकासमोर कमरेत वाकून "या, या" करत फिरला. ताठ उभं राहायची सोयच नव्हती. डोकं वर केलं की कापडाला लागायचं आणि उंबराची पानं कॉलरमध्ये पडायची.

बदलापूरची विठाआत्या त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. शेवटी तिने कमळाबाईंना जवळ ओढलं.

"कमळे, तुझा भूपेश केवरा बदलला गं! आधी कशी मान ताठ असायची. आता बघ, लहान पोरांसमोर पन वाकतो!"

पाटावर हळद माखून बसलेल्या हितेशला हसू आवरेना. भूपेशने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तेही वाकूनच.