झोपून उठल्यावर

काशिनाथअण्णा सर्व्हरच्या खोलीत शिरताना चप्पल दाराबाहेर काढत, आणि खोक्यातून नवी मशीन निघाली की तिला आधी विचारत, "प्रवास बरा झाला न्हवं?"

भालकीपासून तासाभरावरच्या कोळारच्या एका गोदाम कंपनीत संगणकाची खोली आम्ही दोघं सांभाळायचो. बेंगळुरूची माणसं दुरूनच आमच्या लिनक्स सर्व्हरवर कंटेनर चालवायचं सॉफ्टवेअर चढवायची. कंटेनर म्हणजे एकेका प्रोग्रामचा, लागेल त्या सामानासकट भरलेला बंद डबा. डबे त्यांचे, त्यासाठी मशीन तयार करून देणं आमचं. अण्णा म्हणत, "व्यंकट, पाहुणे त्यांचे, सारवण आपलं."

अपडेटला ते अंघोळ म्हणत. "अंघोळ झाली व्हय हिची?" नाव दिल्याशिवाय मशीनला पुढं हात लावू देत नसत. तिचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत. फरक निघाला तर मनगटावरचं दुरुस्त करत. खरा राग स्वॅपवर. स्वॅप म्हणजे मेमरी अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा. ती चालू दिसली की आमचं सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. "पाहुण्याला अर्धं ताटात, अर्धं परसात वाढायलास व्हय?" म्हणत अण्णा ती बंद करत, आणि सेटिंगच्या फायलीतली तिची ओळही काढून टाकत. कारण नुसती बंद केलेली स्वॅप मशीन बंद-चालू झाली की परत जिवंत होते.

म्हणून शेवटी ते मशीन मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करत. "झोपून उठल्यावरबी तसंच वागली, तर खरं." मगच दारावरच्या कागदावर सही.

आता सांगतो ते चार वर्षं गिळून बसलो होतो.

अण्णांची बायको, आमच्या अक्का, वारल्या. ते सुट्टीवर असताना एक मशीन मी एकट्यानं तयार केली. स्वॅप बंद केली, फायलीतली ओळ काढायची राहिली. बंद-चालू करून बघायचा कंटाळा केला. अण्णा कामावर आले, त्यांनी विचारलं, "बंद-चालू करून बघितलास न्हवं?"

"व्हय अण्णा."

माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

दोन महिन्यांनी वीज गेली. यूपीएसही दमला. वीज आल्यावर मशीन उठली, तिच्याबरोबर स्वॅपही उठली. आम्हाला कारण सापडेपर्यंत गेटवर ट्रकांची रांग लागली होती. मॅनेजरनं दारावरचा कागद ओढून काढला. "सही कुणाची ही?"

अण्णांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मी एसीच्या गळतीखाली ठेवलेल्या बादलीकडं बघत होतो.

"माझी हाय," अण्णा म्हणाले.

त्यांच्याकडची खोलीची किल्ली काढून घेतली, त्यांना पोती मोजायला मागच्या शेडमध्ये पाठवलं. महिनाभरात नोकरी सोडून ते भालकीला घरी बसले. कामून सोडली, असं मी एकदाही विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

संध्याकाळी ठरवायचो, उद्या जाऊन सांगायचं. सकाळी उठलो की पुन्हा पहिल्यासारखा. नव्या मशीनसमोर बसलो की तोंडातून निघायचंच, "अंघोळ झाली व्हय?" मग उगाच मान वळवून बघायचो. अजूनही चप्पल बाहेरच काढतो. दाराशी एकच जोड असतो.

परवाच्या रविवारी बसस्टँडवर भालकीची गाडी लागलेली दिसली आणि चढलो. अण्णांच्या गल्लीत शेजारच्या बाईनं हटकलं, "तुमीच व्हय ते पाहुणे? दर ऐतवारी खोली झाडून बसतेत अण्णा. येत तर कुणी न्हाई."

अण्णा दारात आले. बरेच वाळले होते. मी उंबऱ्याबाहेर उभ्यानंच सगळं सांगितलं. फाईल, कंटाळा, बादली.

"कधी ठरवलास हे?"

"आज सकाळीच. बस दिसली म्हणून."

"म्हंजे अजून झोपून उठला न्हाईस." त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. "आज ऱ्हा. सकाळी उठून परत सांग. तवाबी हेच सांगितलास, तर खरं."

त्यांनी आतल्या खोलीचं दार ढकललं. गादी घातलेली होती. चादरीला एक सुरकुती नव्हती.