रांजण एकमतानं रिकामा

उत्तरेश्वरनं एखादं काम अंगावर घेतलं की ते पार पडलंच म्हणून समजा! असं गावात कुणी म्हणत नसे; तो स्वतःच म्हणे. नांदूरघाटच्या अलीकडं एक सहकारी दवाखाना होता, त्याचा तो व्यवस्थापक. ऊसतोडीची माणसं तिथं पोट धरून येत आणि पोट धरूनच परत जात. त्याला ते बघवेना, म्हणून त्यानं पोटविकाराचा विभाग काढायचा ध्यासच घेतला.

अध्यक्ष अर्जुनरावांनी एक खोली दिली, तीही कपाळाला आठ्या घालून.

"उद्घाटनाच्याच दिवशी तपासण्या झाल्या पायजेत. न्हाईतर दुसऱ्या दिवशी तितं खताची पोती!"

दुर्बिणीनं आतडं तपासायला शहरातून डॉक्टर मुळे मॅडम येणार होत्या. त्याआधी पेशंटनं उपाशीपोटी, भरपूर पाण्यातून जुलाबाचं औषध प्यायचं. पण त्या दुष्काळात भरपूर पाणी आणायचं कुठून? उत्तरेश्वरनं नामी युक्ती काढली. सकाळी सकाळी टँकर अडवून दवाखान्याच्या दारातला रांजण भरून घेतला आणि लिंबाच्या चवीचं सगळं औषध त्यातच कालवलं. पेशंटना इथंच पाजायचं! ही युक्ती त्यानं मॅडमना फोनवर रंगवून ऐकवली, पण दारातल्या शिपाई गहिनीनाथला सांगायचं राहिलं. मग तो मॅडमना आणायला फाट्यावर गेला.

तेवढ्यात संचालक मंडळ येऊन टेकलं. जेवण उद्घाटनानंतर होतं, त्यामुळं सगळे पोट रिकामं ठेवूनच आले होते. दुष्काळ असो की सुकाळ, पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, हे गहिनीनाथच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं रांजणातून तांब्या भरला.

"लिंबाचं सरबत? लई झ्याक हाय बे!" अर्जुनराव म्हणाले.

अर्धा तांब्या उरला. टाकायची सोय नव्हती, कारण 'थेंबही वाया घालवू नका' ही पाटी त्यांच्याच फोटोसकट समोर लटकत होती. त्यांनी तो संपवला, वर दुसरा मागितला. आता अध्यक्ष प्याले म्हटल्यावर संचालक मागं राहतात होय? "माजं अनुमोदन!" म्हणत उपाध्यक्ष आप्पारावांनी तांब्या तोंडाला लावला. सहकारात एकमताशिवाय काही होत नाही. रांजणही एकमतानं रिकामा झाला!

उत्तरेश्वर मॅडमना घेऊन आला, तेव्हा अर्जुनरावांचं भाषण तासभर चालून रंगात आलं होतं. पेशंटच्या रांगेत कौशल्याबाई सगळ्यात पुढं.

"सायेब, औषध कवा देता?"

उत्तरेश्वरनं रांजणाचं झाकण काढलं, तर आत नुसता तळ!

"गहिनीनाथ! रांजण कुणी रिकामा केला?"

"संचालक मंडळानं. कावून? त्यास्नी सरबत लई आवडलं की!"

इतक्यात "या विभागामुळं जनतेच्या पोटाचा प्रश्न..." म्हणता म्हणता अर्जुनराव थबकले, पोट दाबलं आणि माईक टाकून धावले. आभार मानायला आप्पाराव उठले, ते आभार न मानताच पळाले. संडास दोनच, संचालक अकरा! उरलेले झुडपांकडं गेले, पण दुष्काळानं झुडपांना पानच ठेवलं नव्हतं, आडोसा कुठला!

"मॅडम, आजचे पेशंट तयार न्हाईत," उत्तरेश्वर रडकुंडीला येऊन म्हणाला. "गेली माजी खोली!"

मॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "हे काय, एवढे तयार आहेत की! त्यांनाच आत घ्या."

अर्जुनरावांच्या अंगात 'नाही' म्हणायचीही ताकद उरली नव्हती. त्यांच्या आतड्यात बारीकशी गाठ निघाली.

"घाबरू नका, काढून टाकली आहे. पण पुढच्या महिन्यात दाखवावं लागेल. मी इथंच येईन."

अर्जुनरावांनी कण्हत कण्हत उत्तरेश्वरचा हात धरला. "उत्तरेश्वर, खोली कायमची तुजी! पोती गेली खड्ड्यात!"

उत्तरेश्वरला आभाळ ठेंगणं झालं! तो धावतच बाहेर आला. "कौशल्याबाई, काळजी सोडा! पुढच्या बारीला पयला नंबर तुमचा!"

पण रांग कधीच मोडली होती. कौशल्याबाई चपला हातात घेऊन फाटकापर्यंत पोचल्या होत्या.

"नगं बाबा! नुसतं सरबत पिऊन त्यांची ही गत झाली. आमाला तर तुमी औषध देणार व्हता!"